नर्सिंगचं कॉलेज ठरवण्याआधी एक केसपेपर काढा

बारावीचा निकाल लागला की वॉर्डाच्या दारात ओळखीपाळखीचे पालक येऊन उभे राहतात. "सिस्टर, पोरीला बी.एस्सी. नर्सिंगला घालायचंय, कुठलं कॉलेज चांगलं?" ड्यूटीवर उभ्या उभ्या हे सांगून होत नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

आधी हॉस्पिटल. नर्सिंग पेशंटच्या उशाशी शिकायचं असतं, त्यामुळे कॉलेज निवडायचं म्हणजे मुळात त्याचं हॉस्पिटल निवडायचं. भारतीय परिचर्या परिषदेचे निकष सांगतात की कॉलेजचं स्वतःचं किमान 100 खाटांचं हॉस्पिटल हवं आणि एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट हवेत. कागदावर हे सगळ्यांचंच जुळलेलं असतं. खरं काय ते बघायचं तर सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास, कुणालाही न कळवता जा. कॉलेजच्या ऑफिसात जाऊ नका. ओपीडीच्या खिडकीवर एक केसपेपर काढा आणि त्यावरचा नंबर वाचा, त्या दिवशी तोवर किती पेशंट आले ते त्यावरून कळतं. माझ्या भाचीसोबत गेले होते, तेव्हा एका ठिकाणी साडेअकराला आमच्या केसपेपरवर 17 आकडा होता. वर मेडिसिनच्या वॉर्डात चादरी कडक इस्त्रीच्या, सलाईनच्या स्टँडवर एकही बाटली नाही. दुसऱ्या दिवशी एका सरकारी हॉस्पिटलात गेलो, तिथे त्याच वेळेला चारशेच्या पुढचा नंबर मिळाला. जिन्यात नातेवाईक डबे घेऊन बसलेले, फिनेलचा वास, आणि पांढऱ्या ॲप्रनमधल्या दोन मुली एका आजीला कुशीवर वळवून पाठीला पावडर लावत होत्या. भाची तिथे बराच वेळ उभी राहिली. कॉलेज तिथेच ठरलं.

हे एवढं का सांगते, तर आमच्याकडे मागे एक नवी मुलगी रुजू झाली. मार्क उत्तम, वागायला नम्र. पहिल्याच रात्री एका म्हाताऱ्या बाबांना इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनसाठी शिरेत बसवायची सुई, लावायची वेळ आली आणि तिचा हात थरथरायला लागला. "मॅडम, आम्ही फक्त मॅनिकिनवर, सरावाच्या पुतळ्यावर केलंय." चार वर्षांची पूर्ण फी भरलेली होती तिच्या वडिलांनी. तिची चूक काडीचीही नव्हती. पुढे सहा महिन्यांत ती तयार झाली, पण ते सहा महिने तिने रडत काढले, आणि टोचून घेणारे पेशंट होते.

तेव्हा हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुली गाठा. मुलीनेच बोलावं, पालकांनी लांब बसावं. लेबर रूममध्ये स्वतःच्या हाताने किती डिलिव्हरी केल्या, की नुसतं उभं राहून बघितलं? लॉगबुक कसं भरता, केलेल्या कामाचं की मागच्या बॅचचं उतरवून? प्राथमिक आरोग्य केंद्रातली पोस्टिंग खरंच होते का? रात्रपाळीला हॉस्टेलवरून नेआण कोण करतं? दहा मिनिटांत सगळं कळतं.

मग विद्यापीठ. महाराष्ट्रातली बहुतेक नर्सिंग कॉलेजं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत, हे विद्यापीठ 1998 सालचं. मुंबईत एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी कॉलेज आहे. याखेरीज अभिमत (डीम्ड) विद्यापीठं आहेत, त्यांची फी आणि प्रवेशाची पद्धत वेगळी. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कॉलेजचं नाव आणि मंजूर जागा स्वतः शोधा, माहितीपत्रकावर विसंबू नका. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यताही तशीच तपासा, कारण शेवटी रजिस्ट्रेशन तिथेच होतं आणि त्याशिवाय नोकरी नाही. वर सांगितलेल्या भारतीय परिचर्या परिषदेच्या जागी राष्ट्रीय आयोग आणणारा कायदा 2023 मध्ये मंजूर झालाय, त्यामुळे कागदांवर दोन्ही नावं दिसली तर गोंधळू नका.

पैशांचं नीट ऐका, इथे पालक हमखास फसतात. खासगी विनाअनुदानित कॉलेजची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ते आकडे जाहीर असतात. तो कागद छापून सोबत न्या. जुलै 2024 च्या शासन निर्णयाप्रमाणे ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की हा लाभ गेला, आणि खासगी अभिमत विद्यापीठांनाही तो लागू नाही. "राउंडची वाट कशाला बघता, आत्ताच सीट पक्की करा" असं म्हणणारा माणूस तुमच्या मुलीची चार वर्षांची माफी घालवत असतो.

असाच एक दलाल आमच्या गल्लीतल्या मुलीला परराज्यात घेऊन गेला होता. मूळ मार्कशीट त्याने स्वतःकडे ठेवल्या. ती परत आली तेव्हा वर्ष गेलेलं होतं. परराज्यातही चांगली कॉलेजं आहेत, वेल्लोरच्या सी.एम.सी.चं नाव तर सगळ्यांना माहीत आहे. पण पदवीनंतर आधी त्या राज्याच्या कौन्सिलकडे नोंदणी, मग ना-हरकत, मग महाराष्ट्रात, हा फेरा धरून चाला. मूळ कागद दलालाच्या हातात कधीही देऊ नका.

कागद तसे नेहमीचेच: दहावी-बारावीच्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर आणि जात वैधता. वैधतेला सगळ्यात जास्त वेळ लागतो, ती अकरावीतच टाका. 31 डिसेंबरला 17 वर्षं पूर्ण होतात ना, तेही बघा.

आणि एक, जे कुठल्याच यादीत सहसा नसतं. हिपॅटायटिस बीची लस. पहिल्या डोसनंतर एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा, म्हणजे ऐनवेळी घेऊन भागत नाही. सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, झाली की त्याच आठवड्यात पहिला डोस घेऊन टाका, आणि कार्ड फाइलमध्ये, त्या केसपेपरच्या मागे लावून ठेवा.