मायएसक्यूएलमध्ये इंडेक्सची मर्यादा आड येते तेव्हा

लातूरच्या बाजार समितीतील एखाद्या आडत दुकानाचे शेतकऱ्यांच्या नोंदींचे टेबल घेऊ. एकच शेतकरी दोनदा नोंदला जाऊ नये म्हणून नाव, गाव, तालुका आणि पत्ता या 255 अक्षरांच्या चारही कॉलमवर मिळून युनिक इंडेक्स (तीच नोंद पुन्हा येऊ न देणारी शोध-सूची) करू गेल्यास मायएसक्यूएल ही डेटाबेस प्रणाली 1071 क्रमांकाची त्रुटी दाखवून तो नाकारते.

इनोडीबी या मायएसक्यूएलच्या नेहमीच्या साठवण-इंजिनाच्या डायनॅमिक रो फॉरमॅटमध्ये (ओळी साठवण्याच्या पद्धतीत), नेहमीच्या 16 केबी पानावर (साठवणीच्या एककावर), इंडेक्सच्या की-ची, म्हणजे त्यात घेतलेल्या कॉलमांची मिळून, कमाल लांबी 3072 बाइट असते. यूटीएफ-8-एमबी-4 या अक्षरसंचात देवनागरी अक्षराला प्रत्यक्षात 3 बाइट लागत असले, तरी मर्यादेचा हिशेब दर अक्षरामागे 4 बाइट धरूनच होतो. म्हणजे एक कॉलम 1020 बाइटचा आणि चार मिळून 4080. शिवाय काना-वेलांटीही स्वतंत्र मोजली जात असल्याने ‘लातूर’ हा शब्द 5 अक्षरांचा ठरतो. जुन्या कॉम्पॅक्ट फॉरमॅटमध्ये इंडेक्समधील एकेका कॉलमची मर्यादा 767 बाइटच असल्यामुळे असे टेबल आधी डायनॅमिक करून घ्यावे.

त्यानंतर गावे आणि तालुके वेगळ्या टेबलांत न्यावेत व मूळ टेबलात गावाचा 4 बाइटचा क्रमांक तेवढा ठेवावा. गावावरून तालुका कळतोच, त्यामुळे इंडेक्स 2044 बाइटमध्ये बसतो. बहुतेकांचे काम इथेच भागते, आणि माझ्या मते इतर युक्त्यांपूर्वी हेच करावे.

पत्त्याचा कॉलम 1000 अक्षरांचा असेल, तर मात्र एवढ्याने भागत नाही. पहिल्या काही अक्षरांपुरता प्रीफिक्स इंडेक्स शोधासाठी चालतो, पण जिथे निम्मे पत्ते ‘मु. पो.’ने सुरू होतात तिथे आखूड प्रीफिक्सने फारसे काही वेगळे होत नाही. आणि तो युनिक केला, तर सुरुवात सारखी असलेले दोन वेगळे पत्तेही नाकारले जातात. त्याऐवजी पत्त्याचा शा-256 हॅश (मजकुरावरून काढलेला ठरावीक लांबीचा ठसा) 32 बाइटच्या बायनरी जनरेटेड (आपोआप मोजून भरल्या जाणाऱ्या) कॉलममध्ये साठवून गावाचा क्रमांक, नाव आणि हॅश यांवर युनिक इंडेक्स करावा. एका जादा स्पेसनेही हॅश बदलतो, म्हणून ‘मु.पो.’ आणि ‘मु. पो.’ आधी एकसारखे करून घ्यावेत. हॅशवरून तंतोतंत जुळणीच करता येते, पत्त्यातील एखादा शब्द शोधता येत नाही; त्यासाठी फुल-टेक्स्ट इंडेक्स वेगळा ठेवावा.

शेवटी नेहमीच्या क्वेरीपुढे एक्सप्लेन (क्वेरी कशी चालेल ते दाखवणारी आज्ञा) लावून नवा इंडेक्स खरोखर वापरला जातो का, ते तपासावे. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेस प्रणालीवर अधिक सावध राहावे, कारण तिथे बी-ट्री या नेहमीच्या प्रकारच्या इंडेक्सची सुमारे 2700 बाइटची मर्यादा प्रत्यक्ष मजकुरावर तपासली जाते आणि त्रुटी इंडेक्स करताना न येता, पुढे कधीतरी लांबलचक पत्ता भरताना येऊ शकते.