मॉड्युलर दिव्यांची मालिका एकत्र बसून कशी घडवावी

सुटे भाग जोडून हवा तसा दिवा तयार करता येणाऱ्या मालिकेत आकारापेक्षा भागांमधला जोड महत्त्वाचा असतो, आणि हा जोड एकट्या डिझायनरला कागदावर ठरवता येत नाही. म्हणून रेखाटने सुरू होण्यापूर्वीच डिझायनर, विद्युत अभियंता, ॲल्युमिनियमचे काम करणारा उत्पादक आणि दिवे बसवणारा वायरमन यांची बैठक घ्यावी. वायरमनला बहुधा कोणी बोलावत नाही. पण शिडीवर उभे राहून एका हाताने स्क्रू आवळणे त्याच्याच वाट्याला येते.

प्रथम कोणते भाग कायम राहतील आणि कोणते बदलतील, हे ठरवावे. डेन्मार्कचे पाउल हेनिंगसेन यांनी लुई पॉल्सेन या कंपनीबरोबर १९२०च्या दशकात घडवलेले तीन शेडचे (प्रकाश झाकणाऱ्या आवरणांचे) पीएच दिवे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहेत. त्यांतील ४/३ या दिव्याला वरची शेड सुमारे ४० सेंटिमीटर व्यासाची, तर खालच्या दोन शेड ३० सेंटिमीटरच्या संचातल्या असतात. म्हणजे मालिकेची रचना नावातच नोंदलेली आहे.

त्यानंतर विद्युतदाब ठरवावा, कारण तारांची जाडी आणि जोडाचे माप त्यावर अवलंबून असते. ७२ वॅटच्या दिव्यांना २४ व्होल्टवर ३ अँपिअर, तर १२ व्होल्टवर ६ अँपिअर प्रवाह लागतो. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने दहा मीटर अंतरावर वीज नेल्यास पहिल्या वेळी सुमारे १ व्होल्ट आणि दुसऱ्या वेळी २ व्होल्टहून अधिक दाब वाटेतच खर्ची पडतो, म्हणून लांब रांगांसाठी २४ व्होल्ट निवडणे श्रेयस्कर. धन आणि ऋण टोकांची अदलाबदल होऊच शकणार नाही, अशी खाच जोडात ठेवावी.

मग नमुना करावा, आणि तो रंग दिल्यानंतरच तपासावा. पावडर कोटिंगचा, म्हणजे कोरडी रंगपूड चढवून भट्टीत पक्क्या केलेल्या रंगाचा, थर साधारणपणे ६० ते ८० मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांचा) असतो. खाचेच्या दोन्ही भिंतींवर आणि तिच्यात शिरणाऱ्या पट्टीच्या दोन्ही बाजूंवर तो चढला, की पाव मिलिमीटर किंवा त्याहून अधिक जागा नाहीशी होते आणि रंगाआधी सहज बसणारा भाग अडकतो. रंगासाठी जादा मोकळी जागा किती ठेवायची, ते उत्पादकाला विचारूनच नकाशात लिहावे.

नमुना फॉल्स सीलिंगसारख्या बंद जागेत काही तास पेटता ठेवून तापमान मोजावे. एलईडी आणि त्याला योग्य वीज पुरवणारा ड्रायव्हर दिवा न तोडता बदलता येतात का, हेही पाहावे.

मान्य झालेल्या जोडाचा एकच अधिकृत नकाशा ठेवावा. शेडचा आकार किंवा रंग डिझायनरने खुशाल बदलावा. जोडात मात्र सर्वांच्या संमतीशिवाय बदल करू नये, अन्यथा पुढच्या वर्षीची शेड आधीच विकलेल्या दिव्यांवर बसणार नाही.