दहा माणसांच्या मसालेभाताची तयारीची यादी

घरी दहा माणसं जेवायला येणार आणि पानात मसालेभात असणार, हे ठरलं की माझी तयारी आठ दिवस आधी किराणा दुकानात सुरू होते. बासमतीची गरज नाही. कोलम घ्या, एक किलो पुरतो, पण जुना घ्या, निदान वर्षभर ठेवलेला. दुकानदाराला तसं स्पष्ट विचारा आणि चार दाणे हातावर मागून घ्या. जुना दाणा किंचित पिवळसर असतो आणि दाताखाली कटकन तुटतो. नवा तांदूळ स्वस्त दिसला तरी या कामाला नको. त्याचे दाणे शिजताना वरून लवकर पिठूळ होतात आणि एकमेकांना धरून बसतात. साठवणीत दाणा कडक होत गेलेला असतो, म्हणून जुना तांदूळ पाणी जास्त पितो, जास्त फुगतो आणि तरीही सुटा राहतो. किलोमागे थोडे पैसे जास्त गेले तरी पातेल्यात भातही जास्त होतो.

पिशवीवरच्या नावाला फार भुलू नका. खरा वाडा कोलम पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यातला, त्याला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावाखाली विकला जाणारा सगळा तांदूळ तिथला नसतो. आपल्याला इथे जुनेपणा हवा आहे, नाव नको. इंद्रायणीचा वास मलाही फार आवडतो, पण तिचा भात मऊ आणि चिकट. तो गरम वरण आणि तुपासाठी राखून ठेवा.

तांदूळ घरी आला की लगेच डब्यात ओतून मोकळे होऊ नका. ही यादीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, म्हणून जरा थांबून सांगते. प्रत्येक पिशवीतल्या तांदळाची पाण्याची भूक वेगळी असते. त्याच रात्री एक वाटी तांदूळ घ्या, अर्धा तास भिजवा, उपसा आणि पातेल्यात दोन वाट्या पाणी घालून शिजवा. फडफडीत झाला तर माप बरोबर आहे. शितं गिचगिचीत झाली तर पुढच्या वेळी पाव वाटी पाणी कमी, मधे कणी राहिली तर पाव वाटी जास्त. जे माप जमेल ते कागदाच्या पट्टीवर लिहून डब्याला चिकटवा. आमच्या डब्यावर अशी पट्टी कायम असते आणि पिशवी बदलली की तीही बदलते. एका वाटीच्या भाताने हे कळतं, म्हणजे पाहुण्यांच्या दिवशी किलोभर तांदूळ वाया जायची भीती उरत नाही.

पण हे माप थेट सहापट करू नका. भांडं मोठं झालं म्हणून वाफेने उडणारं पाणी त्याच पटीत वाढत नाही. वाटीला दोन असं माप असेल तर सहा वाट्यांना बारा वाट्या पाणी जास्त होतं, साडेदहा-अकरा बास. दोनशे मिलिलीटरची वाटी असेल तर एक किलो तांदूळ साधारण सहा वाट्या भरतो. वाटी कुठलीही चालेल, तांदळाला आणि पाण्याला तीच वापरा.

भांडं आदल्या दिवशीच काढून ठेवा. पाच लिटरच्या कुकरमध्ये हे माप कोंबू नका. भातासाठी कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरायचा नसतो आणि एक किलो तांदूळ पाण्यासकट त्याच्या वर जातो. जाड बुडाचं सहा-सात लिटरचं पातेलं, त्यावर नीट बसणारं झाकण आणि खाली ठेवायला जुना लोखंडी तवा, एवढं हवं. झाकण डुगडुगत असेल तर कडेला कणकेची वळी लावा, वाफ बाहेर जात नाही.

तांदूळ निवडणं आणि तोंडली चिरणं आदल्या रात्री. तोंडली अर्धा किलो, उभी चिरून कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये. टोमॅटो मी घालत नाही, त्याचं पाणी मापाचा हिशेब बिघडवतं. काजूंऐवजी मूठभर शेंगदाणे भिजत टाका. चव वेगळी लागते, पण छान लागते. नारळ अर्धा पुरतो. कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या फेकू नका, बारीक चिरून फोडणीत घातल्या की पानांपेक्षा जास्त वास देतात. तमालपत्र, लवंग, दालचिनी यांची लहान पुडी सुटी घ्या. गोडा मसाला घरचा असेल तर त्यात दगडफूल आहेच, वेगळं आणायला नको.

जेवणाच्या दोन तास आधी तांदूळ तीन पाण्यांनी धुवा, हलक्या हाताने. चोळलं की दाणे तुटतात आणि तुटलेल्या दाण्यांची पेज होऊन भात चिकटतो. धुवण कुंडीतल्या झाडांना घाला. अर्धा तास भिजवून रोळीत किंवा चाळणीत उपसा आणि पंधरा मिनिटं निथळू द्या. भिजलेला दाणा आतपर्यंत सारखा शिजतो आणि गॅसही कमी जळतो. निथळणं गाळू नका. ओला तांदूळ फोडणीत परतला जात नाही, वाफवला जातो.

दुसऱ्या शेगडीवर मोजलेलं पाणी उकळत ठेवा. पातेल्यात अर्धी वाटी तेल, मोहरी, हिंग, अख्खे मसाले, कढीपत्ता, मिरच्या, कोथिंबिरीच्या काड्या, हळद, मग शेंगदाणे आणि तोंडली. त्यावर तांदूळ घालून चार-पाच मिनिटं परता, प्रत्येक दाण्याला तेल लागून तो कोरडा खुळखुळायला हवा. गोडा मसाला चार मोठे चमचे, चहाच्या चमच्याने सपाट पाच चमचे मीठ, सुपारीएवढा गूळ आणि वरून उकळतं आधण. आता ते पाणी चाखा. आमटीपेक्षा किंचित खारट लागलं पाहिजे, कारण मीठ तांदळात जाणार आहे. इथे अळणी राहिलं तर नंतर वरून मीठ घालून भात सुधारत नाही.

मोठ्या आचेवर पाणी आटून वर भोकं दिसली की तवा खाली सरकवा, झाकण लावा, आच अगदी बारीक. बारा मिनिटं. मधे झाकण उघडू नका आणि ढवळू तर अजिबात नका. गॅस बंद केल्यावर आणखी पंधरा मिनिटं भात तसाच मुरू द्या. या वेळात वरच्या आणि तळाच्या दाण्यांतला ओलावा सारखा होतो. पाहुणे दारात आले तरी ही पंधरा मिनिटं द्या, ताक आणि कोशिंबीर आधी वाढा. मग दोन चमचे तूप कडेने सोडून कालथ्याने खालून वर हलकेच मोकळा करा, वर खोबरं-कोथिंबीर.

साध्या भातालाही हेच सगळं लागू, फक्त तेल एक चमचा आणि लिंबाचे चार थेंब. कुंडीत बासमतीचं पान असेल, काही जण त्याला अन्नपूर्णा म्हणतात, तर त्याची गाठ मारून आधणात टाका. बासमतीत आणि आंबेमोहोरात जो वास असतो तोच या पानात आहे. गोड्या मसाल्यापुढे मात्र तो दबतो, म्हणून मसालेभातात वाया घालवू नका.

शेवटची तयारी उरलेल्या भाताची. एक रुंद परात रिकामी ठेवा. जेवणं झाली की भात तिच्यात पसरून गार करा आणि तास-दीड तासात डब्यात घालून फ्रिजमध्ये टाका. ओट्यावर झाकून रात्रभर ठेवू नका. शिजवूनही न मरणारे जंतू कोमट भातात वाढतात आणि नंतर गरम करूनही त्यांचं विष जात नाही. गार झालेली शितं आणखी कडक आणि सुटी होतात. सकाळी तेवढ्याच भातात थोडा कांदा परतून घाला, डब्याला पुरतो.