बंद ठेवलेलं यंत्रही नियम मोडतं: ग्लायडर स्पर्धेच्या कॉकपिटची तयारी

कोकणातून ग्लायडिंगकडे, म्हणजे इंजिनाच्या जोराशिवाय विमान उडवण्याकडे, वळणाऱ्याला आधी घाट चढावा लागतो. माणगावहून ताम्हिणी, महाडहून वरंधा किंवा चिपळूणहून कुंभार्ली, आणि मग पुण्यातलं हडपसरचं ग्लायडिंग सेंटर. शिकाऊ ग्लायडरचं पॅनल साधं असतं: वेग दाखवणारा एअरस्पीड इंडिकेटर, उंची दाखवणारा अल्टिमीटर, वर-खाली जाण्याचा वेग दाखवणारा व्हेरिओमीटर, होकायंत्र आणि कॅनोपीवर, म्हणजे कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावर, चिकटवलेला लोकरीचा धागा. स्पर्धेच्या ग्लायडरमध्ये याच्या जोडीला फ्लाइट कॉम्प्युटर, मार्ग नोंदवणारा फ्लाइट रेकॉर्डर, टक्करीचा इशारा देणारं फ्लार्म आणि रेडिओ येतात. त्यांतलं प्रत्येक यंत्र कुठल्या ना कुठल्या नियमाखाली येतं. नवख्यांचे गुण जातात ते बऱ्याचदा या नियमांपायी, उडण्यातल्या चुकीमुळे नव्हे.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे नियम एफएआयच्या, म्हणजे जागतिक हवाई क्रीडा महासंघाच्या, स्पोर्टिंग कोडमध्ये, सेक्शन ३ च्या अ‍ॅनेक्स ए मध्ये आहेत. भारतात एफएआयची सदस्य संस्था म्हणजे एरो क्लब ऑफ इंडिया. प्रत्येक स्पर्धेचे स्थानिक नियमही असतात. त्यांना लोकल प्रोसीजर्स म्हणतात आणि दरवर्षी त्यांत बदल होतात. दोन्ही दस्तऐवज छापून घ्या आणि यंत्रांबद्दलची वाक्यं अधोरेखित करा. तोंडी ऐकलेल्या नियमावर पॅनल उभं करू नका.

सर्वांत कडक नियम ढगांबद्दल आहे. स्पर्धेत ढगात शिरायला बंदी आहे, आणि जमीन दिसत नसताना उडता येईल असं कुठलंही यंत्र ग्लायडरमध्ये ठेवायलाही बंदी आहे. यंत्र नादुरुस्त असलं तरी त्यातून सुटका नाही. क्षितिजाच्या तुलनेत ग्लायडर किती कलला ते दाखवणारं आर्टिफिशियल होरायझन, वळण दाखवणारी टर्न अँड बँक आणि टर्न कोऑर्डिनेटर ही सगळी जायरोवर, म्हणजे वळण आणि कल ओळखणाऱ्या भागावर, चालणारी यंत्रं त्यात येतात. साधं होकायंत्र, लोकरीचा धागा आणि बाजूला होणारी घसरण दाखवणारी गोळी चालते.

एवढी कडक बंदी का, हे आंबोलीचं धुकं पाहिलेल्याला पटकन कळेल. घाटात काही दिसेनासं झालं की गाडी कडेला लावता येते. ग्लायडर हवेत थांबवता येत नाही. वळताना कानातला तोल सांभाळणारा द्रव फसवतो, आपण सरळ चाललो आहोत असं वाटतं आणि प्रत्यक्षात ग्लायडर एका पंखावर कलत स्पायरल डाइव्हमध्ये, म्हणजे गोल फिरत खाली झेपावण्यात, जातो. इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली यंत्रांवर उडण्याचं शिक्षण नसलेल्या २० वैमानिकांना ढगासारख्या परिस्थितीत ठेवून पाहिलं गेलं. सरासरी १७८ सेकंदांत त्यांचा ताबा सुटला. दुसरं कारण गर्दीचं आहे. एकाच ढगाखाली दहा-वीस ग्लायडर एकाच थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, गोल फिरत असतात, आणि ढगाच्या आत हवा आणखी जोरात वर चढते. ज्याच्याकडे होरायझन आहे तो आत शिरून उंची कमावणार, मग दुसऱ्यालाही मोह होणार, आणि तिथे कोणी कोणाला दिसणार नाही. म्हणून मोहाचं साधनच बाहेर काढलं आहे.

नेमकी फसगत इथेच होते. पूर्वी होरायझन म्हणजे पॅनलवरची वेगळी डबी असायची, स्क्रू काढले की संपलं. आता तो फ्लाइट कॉम्प्युटरच्या सॉफ्टवेअरमध्ये दडलेला असतो. मेन्यूत तो पर्याय दिसतो का ते आधी पाहा. दिसत असेल तर उत्पादकाने दिलेल्या आणि आयोजकांना मान्य असलेल्या पद्धतीने तो कुलूपबंद करा. नुसतं पान लपवणं पुरत नाही. मोबाइलमध्येही जायरो असतो, त्यामुळे होरायझन दाखवणारं अ‍ॅप काढून टाका. सुटं यंत्र असेल तर ते घरी ठेवा, सामानाच्या कप्प्यातही नको. तपासणीला जाताना कॉकपिटमधल्या प्रत्येक विजेच्या वस्तूची यादी करून न्या: नाव, मॉडेल, सॉफ्टवेअरची आवृत्ती. शंका असलेल्या वस्तूबद्दल स्पर्धा सुरू होण्याआधी लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

त्यानंतर फ्लाइट रेकॉर्डर. तुम्ही कुठे गेलात याचा एकमेव पुरावा म्हणजे त्याची आयजीसी फाइल. रेकॉर्डर आयजीसी-मान्य, म्हणजे एफएआयच्या ग्लायडिंग आयोगाने मान्य केलेला, असावा लागतो. त्याची पेटी उघडली की आतला सूक्ष्म स्विच सुटतो, सुरक्षेची किल्ली पुसली जाते आणि पुढच्या फायली पडताळणीत नापास होतात. म्हणून दुरुस्तीसाठीही पेटी स्वतः उघडू नका. फाइलमधल्या बी अक्षराने सुरू होणाऱ्या ओळींत वेळ, अक्षांश, रेखांश, दाबावरून काढलेली उंची आणि जीपीएसची उंची असते. अक्षांश-रेखांशानंतरचं ए अक्षर म्हणजे जीपीएसने उंचीसकट जागा पकडली आहे. तिथे व्ही दिसू लागला तर अँटेना किंवा वायर सैल आहे असं समजा.

वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, नोंदली जाते, आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. सुरुवातीची वेळ तपासताना हा फरक विसरला की सगळा हिशेब चुकतो. दाबावरची उंची १०१३.२५ हेक्टोपास्कल धरून मोजली जाते. किनाऱ्यावर पावसाळ्यात दाब १००५ पर्यंत उतरलेला असेल, तर रत्नागिरीच्या वाळूत ठेवलेला रेकॉर्डरही सुमारे ६५ ते ७० मीटर उंची दाखवेल, कारण खालच्या हवेत एका हेक्टोपास्कलला साधारण ८ मीटर पडतात. स्टार्टची, म्हणजे शर्यत सुरू करतानाची, कमाल उंची किंवा निषिद्ध हवाई क्षेत्राची मर्यादा याच फरकामुळे नकळत ओलांडली जाते. ब्रीफिंगमध्ये कोणती उंची कोणत्या दाबावर धरली आहे हे आधी विचारा.

नोंदीचं अंतर १ सेकंद ठेवा. टर्न पॉइंटचं, म्हणजे जिथे जाऊन वळायचं त्या ठिकाणाचं, वर्तुळ सहसा ५०० मीटर त्रिज्येचं असतं. ताशी १८० किलोमीटर वेगाने ग्लायडर सेकंदाला ५० मीटर कापतो, म्हणजे १० सेकंदांच्या अंतराने नोंद असेल तर दोन ठिपक्यांमध्ये अर्धा किलोमीटर जातो. वर्तुळाच्या कडेला स्पर्श करून वळलात तर पुराव्याचा एकही ठिपका आत पडणार नाही. उड्डाणापूर्वी काही मिनिटं आधी रेकॉर्डर चालू करा आणि उतरल्यावर ग्लायडर पूर्ण थांबेपर्यंत बंद करू नका. दुसरा रेकॉर्डर वेगळ्या बॅटरीवर असला तर उत्तम. इंजिन असलेल्या ग्लायडरमध्ये ते वापरलं का हे कळावं म्हणून आवाजाचा सेन्सरही तपासला जातो. बाजूची खिडकी उघडी ठेवून तिरकं उडताना होणाऱ्या गोंगाटाने त्याचा आकडा चढतो, एवढं लक्षात असू द्या.

फ्लार्म जवळच्या ग्लायडरशी टक्कर होण्याआधी सावध करतं. ते २००४ साली स्वित्झर्लंडमध्ये आलं. अँटेना उभी हवी आणि कार्बन फायबरच्या आड नको, कारण कार्बन रेडिओ लहरी अडवतो. फर्मवेअर दरवर्षी अपडेट करावं लागतं. त्याच पडद्यावर दूरचे ग्लायडर किती वेगाने वर चढत आहेत तेही दिसतं, आणि मग दुसऱ्याच्या थर्मलच्या मागे लागण्याचा प्रश्न येतो. त्यावर उपाय म्हणून ही माहिती झाकणारा स्टेल्थ मोड आहे. तो सक्तीचा आहे का ते स्थानिक नियमांत पाहा. टक्कर टाळण्यासाठी आणि डावपेचासाठी एकच माहिती उपयोगी पडते, त्यामुळे नियम करणाऱ्यांचं काम इथे खरोखर अवघड आहे.

जमिनीवरून मिळणाऱ्या माहितीचंही तसंच. जानेवारी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लेक कीपिटला महिलांच्या जागतिक स्पर्धेत यजमान संघाचे गुण कापले गेले, कारण प्रेक्षकांना उशिराने दाखवला जाणारा ट्रॅकिंग डेटा संघाने विनाविलंब पाहिला होता. कॉकपिटमधल्या मोबाइलवर इंटरनेट चालू ठेवायचं की नाही, हे म्हणूनच आधी ठरवा.

वीज मोजा. रेडिओ, फ्लार्म, कॉम्प्युटर आणि उजळ पडदा मिळून साधारण १ अँपिअर लागतो असं धरलं, तर ५ तासांना ५ अँपिअर-तास हवेत. ७ अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची बॅटरी नवी असताना हे भागवते. दोन वर्षांनी तीच बॅटरी परतीच्या वाटेवर दगा देते आणि रेकॉर्डर मध्येच थांबतो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हलकी असते आणि शेवटपर्यंत व्होल्टेज टिकवते, पण तिला तिचाच चार्जर लागतो. फ्यूज बॅटरीच्या तोंडाशीच बसवा.

कोकणात घरी ठेवलेल्या यंत्रांची वेगळी काळजी घ्यावी लागते. खाऱ्या हवेने प्लगच्या पिना हिरव्या पडतात. पावसाळ्यात यंत्रं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा आणि पिना स्पर्धेआधी काँटॅक्ट क्लीनरने पुसा. ग्लायडर उघड्यावर असेल तर पिटोट नळीला, म्हणजे वेग मोजायला समोरची हवा घेणाऱ्या नळीला, टोपण घाला. कुंभारीण माशी दोन दिवसांत तिच्यात मातीचं घर बांधते, आणि मग धावपट्टीवर वेगाचा काटा हलत नाही. नळीत तोंडाने फुंकून माती काढायला जाऊ नका, एअरस्पीड इंडिकेटरचा पडदा फाटतो. आधी यंत्राकडची नळी सोडवा आणि मग मागून पुढे हवा सोडा.