मुंबईहून जीवाश्मशास्त्राच्या परिषदेला जाताना

नोंदणी झाली की गोषवाऱ्यांची पुस्तिका वाचून मोजकीच व्याख्याने निवडावीत. पोस्टर सत्र (संशोधक आपले काम भित्तिपत्रकावर मांडून त्याशेजारी उभे राहतात ते) मात्र चुकवू नये, कारण भरल्या सभागृहात विचारायला संकोच वाटणारा साधा प्रश्न तेथे संशोधकालाच निवांतपणे विचारता येतो. मुंबईकराला वरळीच्या बेडकांची माहिती असावी, असे माझे मत आहे: लाव्हाथरांमधील गाळाच्या खडकात सापडलेल्या या जीवाश्मांचे वर्णन १८४७ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी केले आणि डायनोसॉरांच्या गटाचे ‘डायनोसॉरिया’ हे नावही त्यांचेच, १८४२ मधले.

परिषद कोलकात्यात असेल, तर भारतीय सांख्यिकी संस्थेच्या भूविज्ञान संग्रहालयातील बारापासॉरस या डायनोसॉरचा सांगाडा पाहण्याविषयी आधीच चौकशी करावी. आपल्याच गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा परिसरात सापडलेल्या, एकाहून अधिक प्राण्यांच्या हाडांवरून हा सांगाडा उभारलेला असून त्याचे नामकरण १९७५ मध्ये झाले. या प्राण्याचे काही दात मिळाले, परंतु कवटी मिळाली नाही. म्हणून छायाचित्राची घाई न करता मांडी, कंबर आणि मणके सावकाश पाहावेत, डोक्याचा आकार अनुमानाचा समजावा आणि कोणते हाड अस्सल, कोणते साच्यातून घडवलेले, हे तेथील कर्मचाऱ्यांना विचारून वहीत नोंदवावे.