सुट्टीच्या दिवशी चिमुकल्यांचा एकत्र खेळ : या चुका टाळा

रविवारी तीन-चार मित्रांची कुटुंबे एका घरी जमतात, मोठ्यांच्या गप्पा रंगतात आणि अर्ध्या तासाच्या आत दुसऱ्या खोलीतून रडण्याचा आवाज येतो, हा अनुभव दीड ते तीन वर्षांची मुले असलेल्या बहुतेक घरांना आहे. अशा वेळी आई-बाबा आपल्या मुलाला हट्टी ठरवून ओशाळतात; पण यांतली बरीचशी भांडणे मोठ्यांनीच ओढवून घेतलेली असतात, असे माझे ठाम मत आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे, 'दे ना त्याला, तो पाहुणा आहे,' हा आग्रह. आमच्याकडे आलेल्या एका मुलाने माझ्या दोन वर्षांच्या मुलीच्या भातुकलीतला लाल कुकर उचलला, तेव्हा तिने तो हिसकावून पोटाशी धरला आणि ती जमिनीवर पालथी पडली. मी तिची बोटे सोडवून कुकर त्या मुलाच्या हातात दिला. ती इतकी रडली की त्यानेही घाबरून तो टाकून दिला आणि दोघांचाही खेळ मोडला. या वयात 'आता दिले तरी परत मिळेल' हे समजत नाही, त्यामुळे दिलेली वस्तू कायमची गेली असेच मुलाला वाटते. शिवाय या वयाची मुले एकमेकांबरोबर खेळण्यापेक्षा एकमेकांच्या शेजारी बसून आपापला खेळ खेळतात. लहान मुलांच्या खेळाचा अभ्यास करणाऱ्या संशोधक मिल्ड्रेड पार्टन यांनी 1932 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत यालाच समांतर खेळ म्हटले आहे.

म्हणून पाहुणे येण्यापूर्वी मुलालाच विचारून त्याची दोन-तीन लाडकी खेळणी कपाटात ठेवून द्यावीत. बाहेर ठेवायच्या वस्तू शक्यतो एकसारख्या आणि भरपूर असाव्यात. स्टीलचे डबे, वाट्या, लाकडी चमचे आणि परातीत ओतलेले बटाटे यांवर चार मुले तासभर रमतात, हे मी पाहिले आहे. तरीही खेचाखेच झालीच, तर लांबून ओरडण्याऐवजी जवळ बसून, 'तिचं झालं की तुझी पाळी,' असे सांगावे आणि ती पाळी खरोखरच येईल असे पाहावे. कोणी चावले, तर आधी ज्याला लागले त्याला जवळ घ्यावे. चावणाऱ्याला 'चावायचं नाही, दुखतं' एवढेच सांगणे पुरते. चारचौघांत 'सॉरी म्हण' असा धोशा लावून काही साधत नाही.

दुसरी चूक वेळेची आहे. एक ते दोन वर्षांच्या मुलांना दिवसभरात 11 ते 14 तास झोप लागते आणि त्यात दुपारची झोपही येते. दुपारी दोनच्या जेवणाचे आमंत्रण म्हणजे नेमकी तीच झोप मोडणे होय. सकाळी दहाला किंवा संध्याकाळी पाचला जमावे.

खाण्याच्या बाबतीत मात्र हयगय अजिबात नको. टीपॉयवर ठेवलेला शेंगदाण्यांचा चिवडा, फुटाणे आणि अख्खी द्राक्षे लहान मुलांच्या श्वासनलिकेत अडकू शकतात. द्राक्षांचे उभे चार काप करावेत, दाणे आणि फुटाणे मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवावेत आणि खेळता-पळताना मुलांना काहीही भरवू नये. गरम चहाचे कप टेबलक्लॉथवर ठेवू नयेत, कारण मूल तो खाली ओढते. न्हाणीघरातल्या बादल्याही आधीच रिकाम्या कराव्यात, कारण काही इंच पाण्यातही लहान मूल बुडू शकते.

घरात आठ-दहा मोठी माणसे असली की प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याचे लक्ष असेल. हे काम सात-आठ वर्षांच्या ताईवर किंवा दादावरही सोपवू नये. आम्ही आता वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या लावतो. ज्याची पाळी असेल तो फोन बाजूला ठेवून मुलांजवळ जमिनीवर बसतो आणि उठण्यापूर्वी पुढच्याचे नाव घेऊन, 'आता तू बघ,' असे मोठ्याने सांगतो.