हरिकेनचं मॉडेल: जोडावं कसं आणि मळवावं कसं

विमानाचं प्लॅस्टिकचं मॉडेल मळवायला, म्हणजे ते वापरून झिजलेलं दिसेल असं रंगवायला शिकायचं असेल तर किट उघडण्याआधी ठाण्यातल्या खोपटच्या एसटी स्टँडवर जाऊन अर्धा तास उभं राहावं. थट्टा नाही. एखादी लाल बस नीट पाहा. दाराच्या पायरीचा रंग उडून खालचा पत्रा चकाकत असतो, पण वीतभर वरचा रंग शाबूत असतो. डिझेलच्या टाकीच्या झाकणाखाली काळपट ओघळ असतात, झाकणाच्या वर नसतात. टपाचा रंग उन्हानं विटलेला, बाजूचा तितका नाही. प्रत्येक डागाला कारण आहे. मॉडेलवर डाग काढताना ते कारण आधी सांगता आलं पाहिजे. नाही आलं, तर तो डाग काढायचा नाही.

मी नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीच्या गॅलरीत बसून विमानं जोडतो. पहिली चार-पाच विमानं मी मळवली नाहीत, नुसती घाण केली. आई म्हणाली होती, "एवढ्या पैशांचं विमान आणून काजळीत का बुडवलंस?" तेव्हा राग आला होता. आज ती मॉडेलं पाहिली की तिचं पटतं.

आधी विमान ठरवा, मग महिना

इथे मी हॉकर हरिकेन मार्क टू हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान घेतोय. तेही १९४४ साली इम्फाळला असलेल्या, भारतीय हवाई दलाच्या १ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचं. त्या वेळी या तुकडीचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग, पुढे मार्शल झालेले तेच. इम्फाळच्या कामगिरीबद्दल त्यांना डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) हे शौर्यपदक मिळालं. आपलं विमान म्हणून प्रेम आहेच, पण शिकणाऱ्यासाठी हरिकेन निवडायचं कारण वेगळं आहे. सिडनी कॅम यांनी आखलेल्या या विमानाचं पहिलं उड्डाण ६ नोव्हेंबर १९३५ रोजी झालं आणि त्याची घडण जुन्या वळणाची राहिली. आत पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि कॉकपिटपासून शेपटापर्यंत वरून चक्क कापड. नाकाकडचा भाग आणि मार्क टूचे पंख मात्र धातूच्या पत्र्याचे. एकाच विमानावर दोन तऱ्हेची झीज. कापडाखालून चंदेरी पत्रा डोकावणार तरी कुठून? तरीही शेपटावर चंदेरी टिपके मारलेली हरिकेनं मी ढिगानं पाहिली आहेत. त्यातली दोन माझीच.

महिना का ठरवायचा? इम्फाळवरची जपानी चढाई मार्चमध्ये सुरू झाली आणि कोहिमाचा रस्ता २२ जूनला मोकळा झाला. म्हणजे सुरुवातीला कोरडी धूळ आणि शेवटी भर पावसातला चिखल. दोन्ही एकाच मॉडेलवर लावले की विमान कुठल्याच दिवसाचं राहत नाही. मी एप्रिल धरतो. धूळ चिखलापेक्षा सोपी असते.

किट घेताना खोक्यावर मार्क टू लिहिलंय ना, हे पाहा. मार्क वनचं किट घेऊन रंगानं वेळ मारून नेता येत नाही, कारण नवं इंजिन बसवताना नाकही थोडं लांबलं. १:७२ मापात पंखांची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी सुमारे १७ सेंटीमीटर भरते, १:४८ मध्ये २५. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यानं १:७२ घ्यावं, शोकेसला झेपतं.

सामान

साइड कटर, हॉबी नाइफ, चिमटा, मास्किंग टेप, प्लॅस्टिक विरघळवून जोडणारा पातळ सिमेंट, पुटी, ४०० ते १००० नंबरचे पॉलिश पेपर. पॉलिश पेपर, कापण्यासाठी जुनी काच आणि धुळीचा मास्क जांभळी नाक्याच्या बाजारात फिरलात तर मिळून जाईल. किट, रंग आणि डिकलचं (म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणांच्या स्टिकरचं) सोल्युशन ऑनलाइनच मागवावं लागतं. मळवण्यासाठी चित्रकलेच्या दुकानातून ऑइल कलरच्या दोन ट्यूब (बर्न्ट अंबर आणि काळा), बिनवासाचं थिनर, सॉफ्ट पेस्टलच्या कांड्या आणि एक चंदेरी पेन्सिल. पेस्टल घेताना ऑइल पेस्टल गळ्यात पडू देऊ नका, त्याची भुकटी होत नाही.

जोडणी

सगळे स्प्रू, म्हणजे भाग ज्यांना जोडलेले येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटी, साबणाच्या कोमट पाण्यानं धुऊन वाळवा. साच्यातून निघताना लागलेला तेलकटपणा गेला नाही तर पुढे रंग पापुद्र्यासारखा निघतो. भाग कापताना दोनदा कापायचं: आधी थोडा दांडा ठेवून, मग भागालगत. गोंद लावण्याआधी प्रत्येक जोड कोरडाच बसवून पाहा.

कॉकपिटवर फार वेळ घालवू नका. हरिकेनला कॉकपिटमध्ये सलग जमीन नव्हती, पायांखाली दोन पट्ट्या आणि खाली अंधार. करडा-हिरवा रंग, काळं पॅनल, सीटला पट्टे. झाकण बंद ठेवणार असाल तर तेवढंही दिसत नाही.

पंखांकडे मात्र लक्ष हवं. हरिकेनच्या पंखांचा मधला भाग सपाट असतो आणि बाहेरचे भाग वर उचललेले. दोन्ही बाजू सारख्याच उचलल्यात ना, हे समोरून डोळ्यांच्या पातळीला धरून बघा आणि गोंद वाळेपर्यंत टेपनं बांधून ठेवा. पुटी घासतानाचा धोका शेपटाकडच्या भागावर. तिथे कापडाखालच्या पट्ट्यांचे हलके उंचवटे कोरलेले असतात. जोडावरची पुटी घासायच्या नादात ते सपाट झाले की परत आणता येत नाहीत. म्हणून त्या पट्ट्यात पुटीऐवजी गोंदच थोडा जास्त लावायचा, दोन्ही अर्धे दाबून धरायचे आणि बाहेर आलेला मऊ प्लॅस्टिकचा मणी दुसऱ्या दिवशी अलगद खरवडायचा.

रंग, आणि आपला पावसाळा

वरून गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, खालून करडा. हलका रंग आधी, म्हणजे खालचा करडा, मग तपकिरी, मग हिरवा. एअरब्रशमध्ये (रंग फवारायच्या पेनमध्ये) रंग दुधाइतका पातळ आणि दाब १५ ते २० पीएसआय. दोन रंगांमधली कड किंचित मऊ हवी असेल तर पोस्टर चिकटवायची पुटी कणकेसारखी वळून तिच्या बारीक वळ्या कडेनं ठेवा आणि आतला भाग टेपनं झाका. एअरब्रश नसेल तर चपट्या ब्रशनं तीन-चार पातळ हात द्या. एका जाड हातापेक्षा ते कधीही बरं.

आता ठाण्यात राहणाऱ्यासाठी महत्त्वाचं. जून ते सप्टेंबर लॅकर मारू नका, निदान उघड्या गॅलरीत तरी. लॅकरचं थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि रंगावर पांढुरका धुरकट थर येतो. एका जुलैत माझं अख्खं विमान भस्म फासल्यासारखं झालं होतं. पावसात रंगवायचंच असेल तर आधी एसी किंवा डीह्युमिडिफायरनं खोली कोरडी करा आणि कॉम्प्रेसरच्या मॉइश्चर ट्रॅपमधलं पाणी दर थोड्या वेळानं काढा. खिडकी बंद ठेवून लॅकर मात्र उडवायचं नाही. तेव्हा ॲक्रिलिक वापरा, तोंडावर वाफा अडवणारा मास्क लावा. नाहीतर सरळ दिवाळीपर्यंत थांबा.

विटलेला रंग दाखवायला मूळ रंगात थोडासा फिका पिवळट रंग मिसळून पंखांच्या वरच्या बाजूला, प्रत्येक पत्र्याच्या मध्यावर, एक अतिपातळ हात मारा. फक्त वरच्या बाजूला. बसचा टप आठवा.

डिकल

आधी ग्लॉस क्लिअर, म्हणजे चकचकीत पारदर्शक थर. खडबडीत रंगावर डिकल लावलं तर खाली हवा अडकून चंदेरी चकाकते. या विमानाच्या खुणा युरोपातल्या हरिकेनसारख्या नाहीत. आग्नेय आशियात ब्रिटिश आणि भारतीय विमानांवरच्या वर्तुळांतला लाल रंग काढून टाकला होता, कारण धावपळीत तो जपानी विमानावरच्या लाल गोळ्यासारखा दिसायचा. त्यामुळे गडद निळा आणि फिका निळा, एवढंच. किटबरोबर लाल ठिपक्याची वर्तुळं आली असतील तर ती या मॉडेलवर लावू नका. डिकल वाळल्यावर पुन्हा ग्लॉसचा एक हात.

मळवणं

इथे घाई करू नका. मी तीन संध्याकाळी देतो.

पहिल्या संध्याकाळी वॉश. ऑइल कलर थिनरमध्ये गढूळ पाण्याइतका पातळ करून बारीक ब्रशच्या टोकानं पॅनलच्या रेघेला (पत्र्यांच्या जोडावर कोरलेल्या खाचेला) टेकवा, तो आपोआप रेघेतून धावतो. अर्ध्या तासानं थिनरनं किंचित ओलावलेल्या कापडानं पुसा, नेहमी पुढून मागे, हवा वाहते त्या दिशेनं. नाक आणि पंखांवर वॉश. कापडी भागावर पत्र्यांचे जोडच नाहीत, तिथे हात आवरा.

दुसऱ्या संध्याकाळी उडालेला रंग. वैमानिक हरिकेनमध्ये डाव्या बाजूनं चढायचा, त्यामुळे डाव्या पंखाच्या मुळाशी झीज जास्त, उजव्या बाजूला कमी. मेकॅनिक इंजिनावरचे पत्रे रोज उघडायचे, म्हणून त्यांच्या कडा आणि स्क्रूंभोवती थोडी. पंखाच्या पुढच्या कडेला खडे लागतात, तिथे थोडी. बस. माप विसरू नका: १:७२ वर एक मिलिमीटरचा टिपका म्हणजे खऱ्या विमानावर सात सेंटीमीटरचं भगदाड. म्हणून ब्रश बाजूला ठेवा, चंदेरी पेन्सिलीला टोक करा आणि नुसतं टेकवा. पंख्याच्या पात्यांवर तर चंदेरी लावूच नका. हरिकेनच्या रोटॉल कंपनीच्या पंख्यांची बरीच पाती लाकडी असायची.

तिसऱ्या संध्याकाळी आधी मॅट क्लिअर (बिनचकाकीचा पारदर्शक थर), कारण पेस्टलची भुकटी गुळगुळीत पृष्ठभागावर धरत नाही. पेस्टल ब्लेडनं खरवडून भुकटी करा. धुराड्यांपासून निघालेला पट्टा कॉकपिटच्या खालून मागे जातो. तो नुसता काळा नसतो. इंधनात शिसं असायचं आणि लांबच्या उड्डाणात इंधन-हवेचं मिश्रण पातळ ठेवलं की मागे करडा-पांढुरका थर बसतो. आधी काळ्या-तपकिरी भुकटीचा रुंद, अस्पष्ट पट्टा आणि त्याच्या मध्यभागी फिक्या करड्याचा अरुंद. पंखांखाली तोफांची काडतुसं पडायच्या फटींमागे थोडी काजळी. पोटाखाली इंजिनातून गळलेलं तेल मागे पसरतं, ते बर्न्ट अंबरच्या दोन-तीन बारीक रेघांनी दाखवा. तेल ओलं असतं, म्हणून तिथे शेवटी ग्लॉसचा टिपूस.

आणि एक गंमत, जी मला फार उशिरा कळली. जमिनीवर उभ्या हरिकेनचं नाक वर आणि शेपूट खाली असतं. पावसाचं किंवा इंधन भरताना सांडलेलं ओघळतं ते जमिनीकडे सरळ, विमानाच्या अंगाशी काटकोनात नव्हे. म्हणजे मॉडेल चाकांवर उभं करूनच ओघळ काढायचे. हातात आडवं धरून काढले की तिरके पडतात, आणि बघणाऱ्याला काहीतरी चुकलंय एवढंच जाणवतं.

शेवटी एप्रिलची धूळ: फिक्या मातकट पेस्टलची भुकटी टायरवर, चाकांच्या खोबणीत, पंखांच्या पोटाशी चाकांमागच्या भागात. फुंकर मारून उरेल तेवढीच खरी.

काच आणि पेटी

कॉकपिटची काच अगदी शेवटी, आणि फेविकॉलनं. इन्स्टंट ग्लूच्या वाफेनं काच आतून पांढरी होते, मग रडून उपयोग नाही.

मॉडेल ॲक्रिलिकच्या बंद पेटीत ठेवा. उघड्या शोकेसमध्ये घोडबंदर रोडची धूळ आठवड्याभरात बसते, आणि ती १:७२ मापाची नसते.